दंतोपकरणांचे निर्जंतुकीकरण

एका रुग्णावर वापरलेली दंतोपकरणे दुसऱ्यासाठी वापरण्यापूर्वी त्यांवरील सर्व सूक्ष्मजीव व त्यांचे बीजाणू नष्ट करण्याची प्रक्रिया. रक्त व रक्तमिश्रित लाळ यांमार्फत हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही यांसारख्या विषाणूंचा प्रसार होऊ शकतो. म्हणून ही प्रक्रिया अनिवार्य असते.

पहिली पायरी स्वच्छतेची. रक्त वा लाळ वाळून चिकटली, तर तिच्याखालील जंतूंपर्यंत वाफ पोहोचत नाही. त्यामुळे उपकरणे ओली ठेवून अल्ट्रासोनिक यंत्रात किंवा ब्रशने धुतात. धुणाऱ्याने जाड हातमोजे, मास्क व चष्मा वापरणे आवश्यक असते. त्यानंतर उपकरणे वाळवून, तपासून वाफ आत जाऊ देणाऱ्या पिशव्यांत बंद करतात.

निर्जंतुकीकरणासाठी मुख्यतः ऑटोक्लेव्ह वापरतात. त्यात दाबाखालील वाफेने १२१° से. तापमानाला सुमारे १५ ते ३० मिनिटे किंवा १३४° से. तापमानाला किमान ३ मिनिटे प्रक्रिया होते. नेमका कालावधी यंत्र व वेष्टन यांवर ठरतो. दात कोरणाऱ्या हँडपीसच्या आतही लाळ शिरते. त्यामुळे तो केवळ बाहेरून पुसणे पुरत नाही. उकळत्या पाण्यात बीजाणू टिकू शकतात, म्हणून उकळणे हा पर्याय नव्हे.

पिशवीवरील रंग बदलणारी पट्टी उष्णता पोहोचल्याचे दर्शवते. प्रक्रिया यशस्वी झाल्याची खात्री मात्र उष्णतारोधी जिवाणूंच्या बीजाणूंच्या नियमित चाचणीने करतात. पिशव्या कोरड्या जागी ठेवून रुग्णासमोरच उघडतात. फाटलेल्या वा भिजलेल्या पिशवीतील उपकरणे पुन्हा निर्जंतुक करावी लागतात. सुया एकदाच वापरून टाकून देतात.