सुरखी ते फ्लाय ॲश : दिवा परिसर आणि सिमेंट-मसाल्याचा टिकाऊपणा

प्रस्तावना
१८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आलेला लोहमार्ग १ मे १८५४ रोजी खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला. १९१६ मध्ये पारसिक बोगद्यामुळे तो सरळ झाला. पुढे पनवेल व वसईकडील फाटे निघाल्याने दिवा हे जंक्शन बनले आणि खाडीकाठच्या खाजण पट्ट्यात दाट वस्ती झाली. अशा ठिकाणी पायाचा व गिलाव्याचा मसाला क्षार आणि सांडपाणी यांच्या रासायनिक माऱ्यास किती काळ तोंड देतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
पोर्टलंड सिमेंट सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळून पाण्यातही टिकणारा मसाला तयार केला जाई. सुरखीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते, हे त्यामागील तत्त्व होय. १९१४ नंतर भारतात सिमेंटचे उत्पादन वाढले आणि सुरखी मागे पडली. तेच तत्त्व कोळशाच्या राखेच्या रूपाने परतले. अमेरिकेतील हंग्री हॉर्स धरणात (१९४८-५३) फ्लाय ॲश मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भारतात १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने तिच्या वापरास कायद्याचे बळ मिळाले. दिव्याजवळच्या ठाकुर्लीत रेल्वेचे चोळा वीजगृह अनेक दशके कोळशावरच चालत होते. राख या परिसराला अपरिचित नव्हती. तिचे मूल्य मात्र उशिरा उमगले.

रासायनिक विवेचन
सिमेंट पाण्याशी संयोग पावताना मुक्त चुना तयार होतो. सल्फेट त्याच्याशी व ॲल्युमिनेटशी संयोग पावून जिप्सम आणि फुगणारा एट्रिंगाइट निर्माण करते. परिणामी मसाला तडकतो. फ्लाय ॲश हा चुना वापरून घेते व छिद्रे सूक्ष्म करते, त्यामुळे क्षारांचा शिरकाव मंदावतो. तथापि हे संरक्षण सर्वंकष नाही. मॅग्नेशियम सल्फेट बंधक घटकावरच आघात करते, तर सांडपाण्यातून जीवाणूंमुळे बनणाऱ्या सल्फ्युरिक आम्लापुढे कोणतेही सिमेंट पूर्णतः टिकत नाही.

राखेची क्रिया संथ असते. म्हणून आयएस ४५६ : २००० या मानकाने साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान १० दिवस पाणी मारण्याचा दंडक घातला आहे. घाईच्या बांधकामात नेमके हेच दिवस कमी केले जातात. अशा वेळी राखमिश्रित मसाला साध्या मसाल्याहूनही सच्छिद्र राहू शकतो.

निष्कर्ष
४ एप्रिल २०१३ रोजी दिव्यानजीक शिळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. ती दुर्घटना रासायनिक माऱ्याची नव्हती. तथापि घाई आणि देखरेखीचा अभाव यांची किंमत तिने दाखवून दिली. खाडीकाठी तीच घाई भिंतीत दडून राहते आणि काही वर्षांनी क्षारांच्या रूपाने बाहेर पडते. सुरखीच्या काळातील कारागीर चुना मुरण्याची वाट पाहत. फ्लाय ॲशनेही तेच मागितले आहे : पुरेसे पाणी आणि पुरेसा वेळ. पदार्थ बदलला, पण टिकाऊपणाची अट बदललेली नाही.