निलगिरी तेल, कापूर घरात आहे? लेकरू लहान असेल तर आधी हे वाचा

थंडी पडली की घराघरांत निलगिरी तेलाची बाटली आणि कापराची डबी बाहेर निघते. नाक चोंदलं की वास घ्यायचा, डोकं धरलं की कपाळाला लावायचं, गुडघे दुखले की चोळायचं. हल्ली हेच ‘अरोमाथेरपी’ म्हणून लव्हेंडर, टी ट्री अशा नावांनी मोबाईलवर महाग विकलं जातं. ही तेलं बहुतेक वेळा पाला-फुलं वाफेवर उकळून काढतात. ढीगभर पाल्यातून थोडंसंच तेल निघतं, म्हणून ते फार तीव्र असतं. खोबरेलासारखं सढळ हाताने वापरायची ही वस्तू नाही.

फायदा किती? लव्हेंडरच्या वासाने काहींना शांत वाटतं, झोप बरी लागते. पुदिन्याच्या अर्काने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण ती थंडाव्याची जाणीव असते. आतली सूज तशीच राहते. कोरोनाच्या काळात कापूर, ओवा, लवंगाची पोटली हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे मेसेज फिरले होते. त्याला काही आधार नव्हता. दम्याच्या माणसाला तर उग्र वासाने उलट त्रास होऊ शकतो.

अंगाला लावायचं तर चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब पुरे. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबावं. खाज सुटली, लाल झालं तर वापरू नये. डोळ्याजवळ, जखमेवर लावू नये. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

खरा धोका लहान लेकरांना आहे. सर्दी झाली म्हणून बाळाच्या गळ्यात किंवा पाळण्याला कापराची पोटली बांधतात; बाळ ती तोंडात घालतं. पांढरी वडी रांगत्या पोराला खडीसाखरच वाटते. एक ग्रॅमभर कापूरही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो, आणि झटके काही मिनिटांतही सुरू होतात. ‘भीमसेनी आहे, चालतो’ म्हणून चाटवणंही तितकंच घातक. निलगिरी तेल चमचाभर पोटात गेलं तरी मूल गुंगतं, बेशुद्ध पडू शकतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या नाकाला, छातीला यातलं काहीच लावू नये. वाफाऱ्याचं पातेलं अंगावर सांडून भाजतं ते वेगळंच.

मुलाने तेल किंवा कापूर गिळला तर उलटी काढू नका. घशात बोट घालणं, मिठाचं पाणी पाजणं नको. तेल फुप्फुसात जाऊ शकतं, झटका आला तर श्वास अडकतो. झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. लगेच 108 ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. मूल हसतं-खेळतं दिसलं तरी घरी वाट बघत बसू नका. बाटली किंवा डबी सोबत न्या, म्हणजे काय आणि किती गेलं हे डॉक्टरांना कळेल.