मांजऱ्या समजून फुरसं धरलं तर? निमविषारी साप पाळण्याआधी हे वाचा

कवठे महांकाळ : बेदाण्याच्या शेडमध्ये किंवा दगडी तालीत साप निघाला की एखादा हौशी पोरगा तो बरणीत भरतो. "मांजऱ्या हाय, काय होत नाय," म्हणत घरात ठेवतो, रील काढतो. हा खेळ जिवावर बेतू शकतो.

निमविषारी म्हणजे काय?
मांजऱ्या, हरणटोळ हे निमविषारी साप. त्यांचे विषदात वरच्या जबड्यात मागच्या बाजूला असतात. भक्ष्य तोंडात धरून चावत राहिल्यावर विष उतरतं. पाल, सरडा, लहान पक्षी यांना ते पुरतं; माणसाला बहुधा सूज आणि ठणका एवढंच होतं. हरणटोळ टाळूवर डसतो, डोळे फोडतो, हा मात्र गैरसमज आहे.

खरा धोका ओळखण्यातला
मांजऱ्या आणि फुरसं दोन्ही तपकिरी, नक्षीदार, उभ्या बाहुलीचे. डिवचलं की दोघंही वेटोळं करून झेप घेतात. मांजऱ्या सडपातळ, लांब, मानेपेक्षा डोकं मोठं. फुरसं आखूड, जाडसर, खरखरीत. अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. पण रात्री बॅटरीच्या उजेडात जाणकारही फसतो. फुरसं चावलं तर रक्त गोठायचं थांबतं आणि माणूस दगावू शकतो.

तज्ज्ञही वाचले नाहीत
शिकागोचे सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांना १९५७ मध्ये बूमस्लँग या आफ्रिकी सापाचं पिल्लू अंगठ्याला चावलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. जर्मनीचे रॉबर्ट मेर्टेन्स १९७५ मध्ये स्वतः पाळलेला आफ्रिकी साप चावून १८ दिवसांनी वारले. हे दोन्ही साप मागच्या विषदातांचेच होते. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावर चालते.

कायदा काय म्हणतो?
वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानातला साप धरून घरात पाळता येत नाही. गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काही प्रजातींसाठी शिक्षा याहून कडक आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या जिवंत नागांच्या मिरवणुका उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर बंद झाल्या. मग बरणीतल्या मांजऱ्याला वेगळा न्याय कसा?

साप दिसला तर
लांब उभे राहा, पोरं-जनावरं बाजूला घ्या, सापावर नजर ठेवा. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

चावला तर
साप कोणता, यावर वाद घालत बसू नका. अंगठी, कडं काढा, हात-पाय हलवू नका. कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा. साप मारून वा पकडून न्यायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

मांजऱ्या शेडमधल्या पाली खातो आणि आपल्या वाटेनं जातो. त्याला तसंच जाऊ द्या.