पाण्यात थिजलेला पाषाण : मुंबई बेटाचा एक अध्याय

सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांत दिसणारा आणि बांधकामात काळा पाषाण म्हणून ओळखला जाणारा दख्खनचा बेसाल्ट मुख्यतः कोरड्या जमिनीवर वाहिला. परंतु मुंबई बेटावरील त्याचे काही थर सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ पाण्यात थिजले आणि म्हणूनच त्यांचे रूप व घटक दोन्ही बदलले.

सुमारे अकराशे ते बाराशे अंश सेल्सियस तापलेला रस पाण्याला भिडताच त्याचा पृष्ठभाग क्षणार्धात काचेसारखा गोठतो, आतला रस मात्र वाहता राहतो आणि मागून येणाऱ्या दाबाने कवच फोडून नवा फुगवटा बाहेर काढतो. असे फुगवटे एकावर एक साचून ‘उशी-लाव्हा’ तयार होतो. वरची मऊ उशी खालच्या दोन उश्यांमधील खाचेत टोकदार होऊन उतरते, त्यामुळे पुढे थर कलंडले किंवा पालथे झाले तरी त्यांची मूळ वरची बाजू ओळखता येते. भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने हा फार मोलाचा पुरावा आहे. यॉर्कचे नेत्रवैद्य टेम्पेस्ट अँडरसन यांनी १९०९ मध्ये सामोआतील माटावानू ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रात शिरून अशा उश्या बनताना प्रत्यक्ष पाहिला.

पाण्याचे काम येथे संपत नाही. उशीच्या कडेची काच पाणी शोषून पिवळसर-तपकिरी पॅलागोनाइट बनते, तर तापलेल्या खाऱ्या पाण्यातील सोडियम फेल्डस्पार या खनिजातील कॅल्शियमची जागा घेते आणि बेसाल्टचा स्पिलाइट, म्हणजे सोडियमयुक्त हिरवट खडक, होतो. सुखेश्वाला आणि पोल्डरवार्ट यांनी १९५८ साली मुंबई परिसरातील बेसाल्टवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पिलाइटांचीही चर्चा आहे. कांदिवलीच्या खाणीतील पोकळ्यांत सापडलेले प्रेहनाइटचे हिरवे स्फटिकही खडकात मुरलेल्या उष्ण पाण्याचीच निर्मिती होय.

हे पाणी सर्वत्र समुद्राचेच होते, असे मात्र मानता येत नाही. वरळीला लाव्ह्याच्या थरांमधील गाळात इवल्या बेडकांचे जीवाश्म सापडले, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले, आणि बेडूक गोड्या पाण्याची साक्ष देतात. त्यामुळे लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात येथे तळी किंवा दलदल होती, हे मानणे रास्त ठरते.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला तिच्या उभ्या खांबांमुळे वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली आहे. मुंबईत उघडे राहिलेले उशी-लाव्ह्याचे भागही त्याच मान्यतेस पात्र आहेत, आणि बांधकामाखाली जाण्यापूर्वी त्यांची नोंद व जपणूक व्हायला हवी.