वतन, नोंदवही आणि गणवेश

छत्तीसगडातील रिसाली हे भिलाई पोलाद कारखान्यालगत वाढलेले उपनगर. 1959 मध्ये कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या सर्व भागांतून, विदर्भातूनही, कुटुंबे येथे वस्तीस आली. मूल जन्मले की ढोलक घेऊन बधाई मागावयास येणारे किन्नर अशा वसाहतींना परिचयाचे असतात. परंतु त्यांचा इतिहास विचारण्याचे कोणाच्या मनात सहसा येत नाही. वस्तुतः हा मुलूख 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता, आणि तृतीयपंथीयांचा इतिहास मराठी सत्तेच्या कागदांतूनही वाचावा लागतो.

पेशव्यांच्या मुलखात हिजड्यांना गावोगाव ठरावीक हक्क वसूल करण्याची, क्वचित इनाम जमिनीचीही मान्यता होती. लॉरेन्स प्रेस्टन यांनी 1987 मध्ये मुंबई सरकारच्या दप्तरांतून ही गोष्ट पुढे आणली. समाजात त्यांना मान होता असा याचा अर्थ काढणे भाबडेपणाचे होईल. भय, श्रद्धा आणि तुच्छता यांची सरमिसळ तेव्हाही होतीच. परंतु राज्यव्यवस्थेत त्यांना एक जागा होती आणि ती उपजीविकेची होती. कंपनी सरकारने नीतीचा प्रश्न उपस्थित करून हे हक्क मोडीत काढले.

उत्तरेत याहून कठोर प्रकार घडला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागान्वये वायव्य प्रांतादी प्रदेशांत संशयित हिजड्यांची व त्यांच्या मालमत्तेची नोंदवही ठेवण्यात आली. नोंद झालेल्याने स्त्रीवेश करून रस्त्यावर दिसणे वा नाचणे हा गुन्हा ठरला. अज्ञान मुलाचे पालकत्व, दानपत्र, मृत्युपत्र, दत्तक हे सारे निषिद्ध झाले. गुरूकडून चेल्याकडे जाणारा वारसा यामुळे कायद्याने तोडला गेला. 1884 मध्ये मुरादाबादच्या खैराती नामक व्यक्तीस, स्त्रीवेशात गाताना दिसल्याचे निमित्त होऊन, कलम 377 खाली शिक्षा झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिची सुटका केली, कारण गुन्ह्याचा काळ, स्थळ वा सोबती यांपैकी काहीच सिद्ध झाले नव्हते.

पुढे शंभर वर्षांनी याच कलमाविरुद्ध समलिंगी चळवळ उभी राहिली. मुंबईत 1990 साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघाले, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. या चळवळीचा मुख्य युक्तिवाद खासगीपणाचा होता: प्रौढांनी चार भिंतींआड संमतीने जे केले त्यात शासनाने पडू नये. दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालात हाच विचार ठळक आहे. परंतु ज्याचे जगणेच चौकात, रेल्वेच्या डब्यात आणि लोकांच्या उंबऱ्यावर आहे, त्याला चार भिंती आणाव्यात कोठून? एलजीबीटी या सामायिक नावाखाली दोन भिन्न गरजा एकत्र आल्या आहेत, हे सोयीस्करपणे विसरले जाते. छत्तीसगडी नाच्यातील परी किंवा आपल्या तमाशातील नाच्या यांनाही सरसकट त्या नावाखाली ओढण्याचा मोह टाळावा. वेश ही कला असते, ओळख असतेच असे नाही.

न्यायालयातही हे दोन रस्ते निराळे झाले. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 कायम ठेवले. चारच महिन्यांनी, 15 एप्रिल 2014 रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख सांगण्याचा अधिकार मान्य केला आणि शिक्षण व नोकरीत आरक्षणाचा निर्देश दिला. त्या निकालपत्रात खैरातीचा उल्लेख आहे. या प्रकरणात बाजू मांडणाऱ्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन त्यापूर्वीच, वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून, मराठीत आले होते. समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का 6 सप्टेंबर 2018 रोजी पुसला गेला. 2023 मध्ये न्यायालयाने समलिंगी विवाहास नकार दिला, मात्र स्त्री-पुरुष नात्यातील तृतीयपंथीयांचा विवाह विद्यमान कायद्यांत बसतो असे सांगितले.

या निकालांचा छत्तीसगडात उमटलेला पडसाद मला अधिक बोलका वाटतो. 2011 च्या जनगणनेत राज्यात ‘इतर’ या रकान्यात 6,591 माणसे नोंदली गेली होती. जानेवारी 2015 मध्ये रेल्वेत नाचगाणे करून पोट भरणाऱ्या मधू किन्नर रायगढच्या महापौर झाल्या. 4,537 मतांनी, अपक्ष म्हणून. कटनीच्या कमला जान यांची अशीच निवड, जागा स्त्रियांसाठी राखीव असल्याच्या कारणाने, पूर्वी न्यायालयात रद्द झाली होती. मधू यांच्यावर ती पाळी आली नाही. मार्च 2021 मध्ये राज्याच्या पोलीस दलात 13 तृतीयपंथी शिपाई निवडले गेले, त्यांपैकी आठ रायपूरचे व दोन राजनांदगावचे. रायपूर आणि राजनांदगाव या दोन शहरांच्या मधोमध, त्याच लोहमार्गावर, दुर्ग-भिलाई आहे. एके काळी ज्या पोलिसांकडे नोंदवही होती, त्यांचाच गणवेश आता या तेरा जणांच्या अंगावर आला. गुणवत्ता यादीतील क्रमांकाने, कोणाच्या बधाईवाचून.