तसबिरीपासून चलच्चित्रापर्यंत : सावेदादांचा छंद आणि मुर्डीचे रँग्लर

सावंतवाडी संस्थान विलीन झाल्यापासून १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत ज्या गावाची नोंद रत्नागिरीच्या मुलकी दप्तरात होत असे, त्या कुडाळनजीकच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची हातकागदावर रंगविलेली चित्रे अनुक्रमाने एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरावयाची, वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने त्या त्या चित्राची कथा गावयाची, आणि एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे एक ‘पोथी’ समजून ती देवासारखी जपावयाची, अशी ही वहिवाट. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथातही चित्रांच्या आधारे कथा सांगणारांचा निर्देश आहे. चित्रांच्या मालिकेतून कथा पाहण्याची जी आवड आज मुले सचित्र कथामालिकांवर तुटून पडतात तीत दिसते, ती आपल्या भूमीला नवी नाही, एवढे यावरून निःशंक म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत जी छायाचित्रणकला रुजली, तिचा स्वभाव मात्र या लोकरंजनाच्या अगदी उलट होता. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, पुढील वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात या कलेचा वर्ग निघाला, आणि त्या वर्गात शिकून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या एतद्देशीयांनी व्यक्तिचित्रांचा व्यवसाय आरंभिला. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटण्यास इतका अवकाश लागे की, गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी आधार देऊन त्यास निश्चल बसवावे लागे. मागे रंगविलेला पडदा, बाजूस मेजावर ग्रंथ, डोक्यास पागोटे, अंगात अंगरखा आणि मुद्रेवर दरबारी गांभीर्य, अशा थाटात वकील, कारकून आणि कोकणातून कामानिमित्त मुंबईस आलेले खोत आपली तसबीर काढून घेत, आणि ती गावच्या घरी माजघरात देवादिकांच्या चित्रांशेजारी जाऊन बसे. हसणे, हालणे, खेळणे यांस त्या चौकटीत मज्जाव होता.

या निश्चल चौकटीत ज्याचे मन मावले नाही असा एक छायाचित्रकार मुंबईत निघाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्याचे नाव. लोक त्यांस सावेदादा म्हणत. १८६८ साली जन्मलेल्या या गृहस्थाचा चरितार्थ व्यक्तिचित्रांवर चाले, परंतु आखाडा, डोंबाऱ्याचे खेळ, नाटकगृह, थोडक्यात ज्या ज्या ठिकाणी चार माणसे मौजेसाठी जमतात, तिकडे त्यांचा ओढा होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी एक रुपया दराने जी सहा चलच्चित्रे दाखविली, ती पाहणारांत सावेदादा होते. पडद्यावर आगगाडी येताना पाहून पुष्कळांनी विस्मय मानला आणि ते घरी गेले. सावेदादांनी मात्र २१ गिनी मोजून विलायतेहून तसले यंत्र मागविले.

यंत्र हाती आल्यावर त्यांनी पहिल्याने चित्रित काय केले, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत अर्थपूर्ण वाटते. लाटसाहेबाची स्वारी किंवा एखाद्या शेठजीच्या घरचा विवाहसमारंभ निवडणे व्यवहारदृष्ट्या शहाणपणाचे ठरले असते. त्यांनी निवडली कुस्ती. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची लढत त्यांनी यंत्रबद्ध केली; ती पट्टी धुण्यासाठी विलायतेस धाडावी लागली. त्यानंतरचा विषय होता माकडांना खेळ शिकविणारा माणूस. ज्यांना विद्वज्जन क्षुद्र करमणूक म्हणून दूर सारीत, त्याच गोष्टी या मनुष्याने भारतीयाच्या हातून उतरलेल्या पहिल्या चलच्चित्रांत नेऊन बसविल्या, आणि माझ्या मते ते योग्यच केले. कारण गती हा ज्या कलेचा प्राण, तिने प्रथम मल्लाच्या पेचाकडे पाहावे, यात औचित्य आहे.

रत्नागिरी जिल्ह्याचा संबंध यानंतर येतो. दापोली तालुक्यात, आंजर्ल्यानजीक मुर्डी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. जी विद्या केवळ गोऱ्यांच्याच बुद्धीस झेपते असा समज सरकारदरबारी रूढ होता, तीत कोकणच्या एका खेड्यातील मुलाने अग्रस्थान पटकावले, या वार्तेने देशभर जो आनंद उसळला, त्याची आज कल्पना करणेही कठीण आहे. १९०१ च्या डिसेंबरात परांजपे स्वदेशी परतले तेव्हा मुंबईने त्यांचे जंगी स्वागत केले, आणि त्या गर्दीत सावेदादा आपले यंत्र घेऊन उभे होते. हे चित्र भारतातील पहिले वार्ताचित्र मानले जाते. मल्लाला न्याहाळणाऱ्या डोळ्यानेच त्यांनी विद्वानाला न्याहाळले. लोक ज्याला डोक्यावर घेतात तो पडद्यावर आलाच पाहिजे, ही त्यांची जाण दोन्ही ठिकाणी सारखीच काम करीत होती. ठरीव पोशाखात, मेजावर हात टेकून बसलेल्या परांजप्यांची तसबीर कोणीही काढली असती. स्वागताला लोटलेल्या माणसांसह त्यांना टिपण्याची बुद्धी व्हावयास जत्रा आणि आखाडे यांत रमलेले मनच हवे होते.

१९०३ च्या दिल्ली दरबाराचेही चित्रण त्यांनी केले. पुढे यंत्र विकून ते गेटी थिएटरच्या व्यवस्थापनात शिरले, आणि लोकांना करमणूक पुरविण्याच्या त्या धंद्यातच उर्वरित आयुष्य घालवून १९५८ साली निवर्तले. तोवर या देशातील बोलपटही सत्तावीस वर्षांचा झाला होता.

त्यांच्या चित्रांपैकी एकही आज पाहावयास उपलब्ध नाही. मुर्डीच्या सुपुत्राचे मायदेशी झालेले आगमन ज्या पट्टीवर उतरले होते, तीही गेली. म्हणून रत्नागिरीकरांस माझी विनंती आहे की, घरातील जुन्या तसबिरी, काचेच्या पट्ट्या, तळघरात धूळ खात पडलेली चित्रे पावसाळ्याच्या ओलीपासून आणि कसरीपासून दूर ठेवावीत, ज्यांस ठाऊक आहे त्या वडीलधाऱ्यांस विचारून प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे, आणि ती टाकून देण्यापूर्वी निदान एखाद्या ग्रंथालयास किंवा संग्रहालयास दाखवावीत.