गणितापाशी थांबलेली माणसं

मागच्या बैठकीत गटातल्या एकीने विचारलं, "ताई, दहावीला गणित राहिलं म्हणजे माणूस कायमचा राहतो का हो?" सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. मी स्वतः गणितात दोनदा नापास झाले. ऑक्टोबरची वारी केली, तेव्हा कुठे तिसऱ्या खेपेला विषय सुटला. म्हणून आज या प्रश्नाची एक लांबची हकिगत सांगते, अमेरिकेतली. तिथेही लाखो माणसं एकाच विषयापाशी थांबली होती.

1901 साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी हायस्कूललाच जोडून कॉलेजचे वर्ग सुरू झाले. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते फक्त सहा. कल्पना साधी होती. पहिली दोन वर्षं गावातच शिकायचं, पुढे जमलं तर मोठ्या विद्यापीठात जायचं. कॅलिफोर्नियाने 1907 साली असा कायदाच केला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परत आले, त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, आणि 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर काढा असं सांगितलं. तेव्हापासून 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं. 1960 साली कॅलिफोर्नियाने ठरवलं की हुशार मुलांना मोठी विद्यापीठं आहेतच, कम्युनिटी कॉलेज मात्र शिकू शकेल अशा कोणालाही घेईल. तिथल्या रहिवाशांना 1984 पर्यंत फीसुद्धा नव्हती.

अशा ठिकाणी कोण येणार? दिवसभर काम करून संध्याकाळी शिकणारे, शाळा अर्धी सुटलेले, परदेशातून येऊन स्थायिक झालेले, लेकुरवाळ्या बाया. आजही तिथे निम्म्याहून जास्त विद्यार्थी बायकाच आहेत.

दार उघडं होतं खरं. पण आत पाऊल टाकलं की कॉम्प्युटरवर एक चाचणी द्यावी लागे. बऱ्याच जणांना वाटे, ही नुसती नाव नोंदवायची रीत आहे. प्रत्यक्षात तिच्यावरून ठरत असे, गणिताच्या कोणत्या पायरीवर बसायचं ते. सगळ्यांत खाली अंकगणित, मग बीजगणिताची तयारी, मग सुरुवातीचं बीजगणित आणि त्याच्यावर मधलं बीजगणित. याला ते 'इंटरमिजिएट अल्जिब्रा' म्हणतात. एकेका पायरीला एकेक सत्र, म्हणजे चार-पाच महिने. हे सगळं पार केल्यावर विद्यापीठात धरलं जाणारं गणित सुरू होणार.

आता बीजगणित म्हणजे काय, ते गटाच्या हिशोबातच सांगते. पापडाच्या मशीनचं भाडं 3000 रुपये, किलोमागे सुटतात 60 रुपये, तर किती किलो विकल्यावर भाडं निघेल? 50 किलो. त्या माहीत नसलेल्या आकड्याला नाव देऊन तो शोधायचा, हे झालं बीजगणित. शाळेत आपण त्याला 'क्ष' म्हणायचो. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला ज्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, ते भास्कराचार्य अशा अज्ञात आकड्यांना रंगांची नावं देत. काळा, निळा, पिवळा, तांबडा. मला शाळेत असं कोणी सांगितलं असतं तर! मधलं बीजगणित मात्र पापडाच्या हिशोबाच्या बरंच पुढे जातं. वर्गसमीकरणं, करणी, घातांक. इंजिनिअर व्हायचं असेल तर हे लागतंच. पण 2009 पासून कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांच्या पदवीलाही ते आवश्यक केलं गेलं, मग विषय इतिहास असो की बालशिक्षण.

आता जरा मोजू या. समजा शंभर बाया सगळ्यांत खालच्या पायरीवर बसल्या आणि प्रत्येक पायरीवर शंभरातल्या सत्तर पास झाल्या. सत्तर म्हणजे वाईट नाही. पहिलीनंतर उरल्या 70, दुसरीनंतर 49, तिसरीनंतर 34, चौथीनंतर 24. गळक्या घागरीने चार टप्पे पाणी वाहिल्यासारखं. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले. खरे आकडे थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडले. गणिताच्या खालच्या पायऱ्यांवर धाडलेल्या शंभरांतले साधारण 33 जणच त्या पुऱ्या करत होते. आणि मैत्रिणींनो, पुढचं ऐका. जे गळाले त्यांत नापास झालेल्यांपेक्षा नावच न घातलेले जास्त होते. कोणी पहिल्याच वर्गाला आलं नाही, कोणी एक पायरी पास होऊन पुढच्या सत्राला फिरकलं नाही. पास झालेली बाई का फिरकत नाही, ते तुम्हाला मी काय सांगणार?

दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट पुढे आली. ती चाचणीच बेभरवशाची होती. गणितात चारांतला एक जण साफ चुकीच्या पायरीवर बसवला जात होता, आणि वरच्या वर्गात जमलं असतं अशांनाच जास्त करून खाली बसवलं होतं. शाळेतल्या गुणांवरून याहून बरा अंदाज येत होता.

मग सरळ काढून टाकावा का हा विषय? इथे मला बॉब मोझेस आठवतात. मिसिसिपीत काळ्या लोकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून जिवावर उदार होऊन झगडलेला हा माणूस. 1982 मध्ये मुलीच्या शाळेत बीजगणित शिकवत नाहीत म्हणून त्यांनी स्वतःच शिकवायला घेतलं आणि त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा केला. त्यांच्या मते बीजगणित हा मतासारखाच हक्क होता. गरिबाच्या पोरांना अवघड गणित नको म्हणणं म्हणजे चांगल्या नोकऱ्यांची वाट त्यांना आधीच बंद करणं. मला हे पटतं. सोपं करून देण्याच्या नावाखाली बायकांना काय काय नाकारलं गेलंय, ते आपण पाहिलेलं आहे.

पण हातात शिकवणारं कोणी नसताना चार पायऱ्या पुढे ठेवणं, हा काही हक्क नव्हे. न्यूयॉर्कच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत एक प्रयोग झाला. बीजगणिताच्या खालच्या वर्गात बसायला सांगितलेल्यांतून चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडले. एका गटाला तोच वर्ग दिला. दुसऱ्याला थेट कॉलेजचं संख्याशास्त्र आणि त्याच्या जोडीला दर आठवड्याला मदतीचा तास. पहिल्या गटातले शंभरात 39 पास झाले. दुसऱ्यातले 56. वरचा वर्ग, आणि पास होणारे जास्त!

2017 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. शाळेतले गुण बघा, आणि एका वर्षात कॉलेजचं गणित पूर्ण होण्याची संधी जिथे सर्वांत जास्त, तिथे विद्यार्थ्याला बसवा. 2019 पासून तो सगळीकडे लागू झाला. पहिल्याच सत्रात कॉलेजचं गणित पार करणारे पुष्कळ वाढले. त्याच वर्गांत नापास होणारेही वाढले, तेही लपवायला नको. तिथले काही शिक्षक अजून म्हणतात, खालचे वर्ग ज्यांना खरोखर हवे होते त्यांचं काय? इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यांना एकदम वर बसवावं की नाही, यावर तर 2022 च्या नव्या कायद्यानंतर जोरात वाद चालू आहे.

विचारणारी आमची मैत्रीण आज समोरच बसली आहे. तिचं गणित राहून अकरा वर्षं झाली. फॉर्म तिने आणलाय, माझ्यासमोर ठेवलाय. रेकॉर्डिंग झालं की दोघी मिळून भरणार आहोत.